कुजबुजत झालेलं बारसं

वर्ध्याहून कोल्हापूरला निघाले तेव्हा पिशवीत नातीसाठी दुपटी होती आणि मनात धाकधूक. माझी अर्धशिशी पोटातून उठते. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, पोट आणि डोकं यांचं आपसात सतत बोलणं चालू असतं. उपाशी राहू नका, दूध तुम्हाला सोसत नाही, तेवढं सांभाळा. मी मोठी शहाणी! पोट बिघडायला नको म्हणून गाडीत काही खाल्लंच नाही. दुसऱ्या दिवशी बारसं होतं, आणि नातीला मी तोवर फक्त फोनवर पाहिलं होतं.

स्टेशनवर विहीणबाई, शांताक्का, स्वतः आल्या होत्या. शिवाजी पेठेतल्या घरी जाण्याआधी त्यांनी रिक्षा दूधकट्ट्यावर वळवली. तिथे रस्त्याकडेला म्हशी उभ्या असतात. समोर धार काढून फेसाळ पेला हातात देतात.

"पावणं आलं की आदी कट्ट्यावर. रीतच हाय की आमच्या घरची!"

"एवढं नको हो मला."

"एवढं कुटं? ल्हान पेला हाय ह्यो!"

विहिणीला नाही म्हणायची माझी काही छाती झाली नाही. खोटं कशाला बोलू, चव झकास होती. घरी पोचल्यावर मधुराने, माझ्या लेकीने, बाळ मांडीवर दिलं आणि मी बाकी सगळं विसरले.

सकाळी उजव्या डोळ्यामागे घण पडू लागले. ओकाऱ्या सुरू झाल्या. उजेड नको, आवाज नको. आणि आवाज नको म्हणायचं ते कोल्हापुरात! इथे 'चहा घ्या'सुद्धा भांडल्यासारखं म्हणतात. शेवटी मधुराने माझं बिंग फोडलं. शांताक्का खोलीत आल्या तेव्हा वाटलं, आता काही खरं नाही.

"दूध सोसत न्हाय, ह्ये सांगायला त्वांड न्हाय व्हय तुमास्नी?" त्या चक्क हळू बोलत होत्या.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मग आता ग्वाड वाटतंय व्हय मला?"

त्यांनी पडदे ओढले, कपाळावर ओली घडी ठेवली आणि चमच्याने भाताची पेज भरवली. आई गेल्यापासून मला कुणी भरवलं नव्हतं. मला रडूच फुटलं.

दुपार कलली तरी डोकं उतरेना. "माझ्यावाचून उरकून घ्या," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. वाईट वाटत होतं, फार वाटत होतं.

संध्याकाळी दार हळूच उघडलं आणि पाळणाच आत आला. मागोमाग पेठेतल्या बायका, वाजू नयेत म्हणून बांगड्या हाताने दाबून धरलेल्या. कोपऱ्यात एकच समई.

"कुनी आवाज केला तर बगा!" शांताक्का कुजबुजल्या.

'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणत बाळ पाळण्याखालून गेलं, वरून आलं. पाळणा ओठातल्या ओठात म्हटला गेला. एक बाई मध्येच फिसकन हसली, तिला दोघींनी कोपराने ढोसलं. मग आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं. एरवी गलबल्यात ते बाळाशिवाय कुणाला ऐकू येत नाही. खोली इतकी शांत होती की मला अंथरुणात ऐकू आलं: "गौरा."

दोन दिवसांनी निघाले. मांडीवर शांताक्कांनी दिलेला मऊ भाताचा डबा होता. माझं पोट डोक्याशी बोलत असतं. मीच तेवढी कुणाशी बोलत नव्हते, असं मनात आलं. एवढ्यात गाडी हलली आणि फलाटावरून त्यांचा खरा आवाज आला.

"विहीणबाई, येळंवर खावा! दुधाला न्हाय म्हना!"

गाडीचा अख्खा डबा माझ्याकडे वळून बघायला लागला. डोकं मात्र जरासुद्धा दुखलं नाही.