पार्सलचा दोरा

"दोरा तोडू नकोस. सोड."

अक्कांचं हे वाक्य मी तीन वर्षांत किती रविवारी ऐकलं असेल, कोण जाणे. समोर केळीच्या पानात आणि वर्तमानपत्रात बांधलेला डोसा, माझ्या पोटात कावळे ओरडतायत आणि अक्का नाकावर चष्मा ओढून त्या पार्सलची गाठ सोडवत बसलेल्या. बरं, कात्र्या तिथं एक नाही, चार. राजाजीनगरात त्यांचं साड्यांना फॉल-पिको करून द्यायचं दुकान होतं आणि वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायची. गाठ सुटली की दोरा एका रिकाम्या रिळाला गुंडाळायचा, मग म्हणायचं, "सरी, झालं. आता वाढ."

मी सांगलीहून बेंगळुरूला कॉलेजसाठी आलेली. घरमालकीण मराठी बोलणारी मिळाली म्हणून आई निर्धास्त झाली होती. पण अक्कांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, मराठीत निम्मं कानडी. जेवलीस का म्हणायच्या ऐवजी त्या "ऊट आयता?" विचारायच्या, आणि आई फोनवर मला म्हणायची, "त्यांना सांग, हळू बोला."

रविवार हा आम्हा कॉलेजच्या मुलींचा भटकायचा वार. कधी बसवनगुडी, कधी मल्लेश्वरम, कधी कब्बन पार्कात लोळून परत. पाहायचं ते निमित्त, खरं काम खाण्याचं. पहिल्याच रविवारी मी अक्कांसाठी भीत भीत एक डोसा बांधून आणला. त्यांनी पार्सल न उघडता नाकाशी धरलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "बसवनगुडीचा. चटणीत लसूण नाही."

मी चाटच पडले. म्हटलं, बाईंनी सगळं शहर पालथं घातलेलं दिसतंय. "अक्का, तुम्ही तिथं नेहमी जायचात?"

"मी कशाला जाऊ? हे आणायचे की."

'हे' जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ते साड्यांचे नमुने घेऊन दुकानोदुकानी फिरायचे आणि दर रविवारी जिथं असतील तिथून दोन डोसे बांधून घरी आणायचे. अक्कांची सासू कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळलेली. शिवाय बाईमाणसानं रस्त्यावर उभं राहून खाणं त्यांच्या घरात बसत नव्हतं. सासू गेली तरी सवय राहिली. म्हणजे या बाईंना अख्खं बेंगळुरू माहीत होतं, पण पार्सलमधून.

त्यामुळेच आमचं भांडण व्हायचं. डोसा मऊच हवा, असं अक्कांचं ठाम मत. घरी करायच्या तेही जाड आणि मऊ. मी म्हणायची, अहो, हॉटेलातला डोसा तव्यावरून उतरतो तेव्हा कुरकुरीत असतो, बांधला की वाफेनं नरम पडतो. त्यावर मान हलवून म्हणायच्या, "कुरकुरीत असतो त्याला पापड म्हणतात."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो आणि घातल्याशिवाय राहवत नाही.

माझं शेवटचं वर्ष संपत आलं, तेव्हा अक्कांच्या बेळगावच्या लेकीनं ठरवलं की आईनं आता दुकान बंद करून तिच्याकडे यावं. अक्का सामान बांधायला लागल्या. मलाच रडू यायचं. सारा जन्म या शहरात काढून ही बाई तव्यावरचा गरम डोसा न खाताच जाणार, हे मला सहन होईना. मी हट्टालाच पेटले. त्यांच्याकडे कारणांना तोटा नव्हता. आज गुडघा दुखतोय, उद्या गिऱ्हाईक येणार आहे, "स्वल्प थांब गं, पुढच्या रविवारी." असे चार रविवार गेले. शेवटी लालबागेतली फुलं पाहायला म्हणून तयार झाल्या.

मेट्रोत स्टेशनाचं नाव पुकारलं की अक्का मला पदार्थ सांगायच्या. "इथली तट्टे इडली. इथला खारा बात. इथलं काही नाही, इथं ह्यांचं एकदा भांडण झालं होतं." लालबागेत एका जांभळ्या फुलासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं, हरखल्या. तर म्हणाल्या, "या रंगाचा फॉल मिळता मिळत नाही."

तिथून मी त्यांना जवळच्या एका उभ्यानं खायच्या हॉटेलात नेलं. त्यांनी कोपऱ्यातलं टेबल धरलं, पदर दोन्ही खांद्यांवर ओढून घेतला आणि डोशाचा तुकडा मोडला. कुर्र झालं. त्या थबकल्या, सगळ्या हॉटेलानं ऐकलं की काय असं बघितलं. "आवाज होतो गं," म्हणाल्या. मग दुसरा तुकडा, तिसरा. अर्धा डोसा बघता बघता संपला. मी मनातल्या मनात जिंकले होते.

"कसा आहे, अक्का?"

"छान आहे." हात थांबला. समोर तव्यावर डोसे उलटले जात होते, तिकडे त्या बघत राहिल्या. "हे इथंच उभे राहत असतील, नाही? पार्सल होईपर्यंत."

"हो, असतील."

"घरी यायचे तेव्हा भुकेलेले असायचे. माझ्याबरोबरच खायचे." ताटली जराशी बाजूला सारून म्हणाल्या, "गरम असा लागतो, हे मला कधी बोलले नाहीत."

इतके दिवस मी या बाईंना काहीतरी शिकवायला निघाले होते, याची लाजच वाटली.

"उरलेला बांधून घे," अक्का म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी गाठ सोडवली, दोरा गुंडाळला आणि तो अर्धा डोसा, मऊ पडलेला, अगदी सावकाश खाल्ला. पुढच्या आठवड्यात बेळगावला गेल्या. शिवणयंत्र टेम्पोतून गेलं, ते रीळ मात्र हातातल्या पिशवीतून.

मी आता बेंगळुरूतच, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करते. इथं डोसा प्लास्टिकच्या डब्यातून येतो, वर चिकटपट्टी. अक्कांचा फोन येतो. जावई हौसेनं कुरकुरीत डोसे घालतात म्हणे. "मग मी ताटलीत झाकून ठेवते. चांगला माणूस आहे, काही बोलत नाही."

परवा बसवनगुडीत गेले होते. जुन्या हॉटेलात अजून पानात बांधून देतात. मैत्रीण म्हणाली, इथंच गरम खाऊ. मी बांधून घेतला. खोलीवर आले, कात्री उचलली आणि परत ठेवली. गाठ घट्ट होती, सुटायला बराच वेळ लागला. तोवर डोसा अगदी मऊ झाला होता.

दोरा पर्समध्ये ठेवलाय. बेळगावला जाईन तेव्हा अक्कांच्या रिळाला जोडीन.