पोरीच्या हातच्या बाटल्या

वाइनच्या रिकाम्या बाटल्यांचा नाद मला आमचे हे गेल्यावर लागला. अमरावतीचं ते घर दिवसभर खायला उठायचं. मोबाइलवर एकीनं बाटलीला सुतळी गुंडाळून दिवा केलेला पाहिला आणि मी भंगारवाल्याला सांगून ठेवलं. तो हॉटेलांतून आणून द्यायचा. लेबलं सोड्याच्या पाण्यात भिजवून काढायची, सुतळी चिकटवायची, आत बारीक दिव्यांची माळ सोडायची. बुचं चिकटवून गरम भांड्याखाली ठेवायच्या चकत्या केल्या. शोकेस भरली, मग टीव्हीजवळची फळीही. मला ते सगळं फार सुंदर वाटायचं. आजही वाटतं, हीच तर पंचाईत आहे.

मुलगी एकतिशीची. अकोल्याचं एक स्थळ आलं, दोघं दोन महिने फोनवर बोलली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती स्वतःहून म्हणाली, "आई, हे जमू दे वं." मोठ्यांची पसंती तेवढी राहिली होती.

पाहुणे आले की घरातलं विणलेलं-भरलेलं सगळं मुलीच्या नावावर खपवायची आमच्याकडे रीतच आहे. माझ्या वेळी आईनं मावशीनं भरलेले अभ्रे माझे म्हणून दाखवले होते. सगळ्यांना ते ठाऊक असतं, कोणी मनावर घेत नाही. पोहे झाले, मुलाच्या मामांची नजर शोकेसवर गेली आणि मी हौसेनं बोलून गेले, "सगळं पोरीनंच केलं जी!"

"येवढ्या बाटल्या कुठून आनल्या?"

"भंगारवाल्याकडून घेतो."

"अस्सं." मग त्यांनी भिंतीवरच्या ह्यांच्या फोटोकडे पाहिलं. "यायले काय झालं होतं?"

"लिव्हर गेलं."

मुलाच्या आईनं अर्धा चहा तसाच ठेवला. मग मीच घाईघाईनं म्हणाले, "पन ते पेत नोयते जी. थेंबसुद्धा नाही." विचारलं होतं कोणी? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ह्यांना रक्तातली कावीळ होती, डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं होतं. पण ते कागद काय पोह्यांबरोबर वाढायचे?

तिसऱ्या दिवशी मध्यस्थाचा फोन आला. "ताई, ते लोक नाही म्हनून राहिले. काहून ते इचारू नका." मुलानं तिचा फोन उचलणं त्याआधीच बंद केलं होतं.

संध्याकाळी मी बाटल्या पोत्यात भरायला घेतल्या. मुलगी येऊन दारात उभी राहिली. वाटलं, आता भांडेल. मला भांडण हवंच होतं. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर जीव हलका झाला असता.

"आई, एक इचारू?" ती म्हणाली. "बाबा खरंच पेत नोयते ना?"

"नाही," मी म्हणाले.

"बरं," म्हणून ती आत गेली.

बत्तीस वर्षांच्या संसारात ह्यांच्या तोंडाला एकदाही वास आला नाही. ते सांगायला आता मी एकटीच उरले आहे, आणि माझ्या पोटची पोरही माझ्यावर विश्वास ठेवत नाही.