नळीच्या तोंडातला स्क्रू

पार्टवाल्याने काउंटरवर तीन रेग्युलेटर मांडले आणि तो मिस्त्रींच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मिस्त्रींचा शब्द म्हणजे त्याच्या दृष्टीने काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी बॉनेटला कान लावला की इंजिन आपणहून दुखणं सांगतं, असं लोक म्हणत, आणि मिस्त्रीही ते ऐकून मिशीत हसत. तीस वर्षं हसले. आज हसत नव्हते.

शेजारी त्यांचा भाचा उभा होता. या पठ्ठ्याने तीन वर्षं खपून आपल्या जुन्या गाडीला टर्बो चढवला होता, इंजिनाला पेट्रोल पुरवणारे पंप आणि इंजेक्टर मोठे केले होते. मागच्या महिन्यात मामांनीच निवडलेला रेग्युलेटर मामांनीच बसवला. चार दिवस गाडी हळू चालवली, पाचव्या दिवशी चढावर दाबली आणि पिस्टनला भोक पडलं.

"या वेळी भारीतला घेऊ, मामा. तो रेग्युलेटर भिकार होता."

मिस्त्रींनी खिशावर हात ठेवला. तो रेग्युलेटर भिकार नव्हता, हे जगात फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

रेग्युलेटरचं काम पेट्रोलचा दाब सांभाळायचं. टर्बो इंजिनात जेवढी हवा कोंबेल तेवढा त्याने दाब वाढवायचा, नाहीतर पेट्रोल कमी पडून पिस्टन जळतो. हवा किती आली ते त्याला एका बारीक नळीतून कळतं. सुरुवातीला दाब जुळवताना ती नळी काढायची, तिच्या तोंडात छोटा स्क्रू खोचायचा, आणि काम झालं की स्क्रू काढून नळी परत बसवायची. शिकाऊ माणूसही हे विसरत नाही. पिस्टन गेल्यावर मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, तर नळी बाजूला लोंबत होती आणि स्क्रू तिच्या तोंडात तसाच. भाचा जवळ येण्याआधी त्यांनी नळी बसवली आणि स्क्रू खिशात टाकला. तो अजून खिशातच होता.

एवढंच असतं तर एक चूक म्हणून गिळली असती. पण परवा त्यांनी बायकोला विचारलं होतं, "तुझी बहीण बऱ्याच दिवसांत आली नाही?" बहिणीला जाऊन दोन वर्षं झाली होती. बायकोने चहाचा कप न पिता खाली ठेवला.

काउंटरवरचा पहिला रेग्युलेटर नुसताच नट्टापट्टा केलेला. जास्तीचं पेट्रोल टाकीत परत जायचं भोक त्याला बारीक, मोठ्या पंपापुढे दाब उतरलाच नसता. दुसऱ्याला हवेची नळी जोडायची सोयच नव्हती. मिस्त्रींचं बोट तिसऱ्यावर थांबलं.

"हा तर तोच आहे," भाचा म्हणाला.

"तोच बरोबर आहे."

"मग पिस्टन जळला कसा?"

"माझ्याकडूनच काहीतरी राहिलं असेल."

भाचा खो खो हसला. पार्टवालाही हसला. खरं बोलूनही कुणी खरं मानेना, आणि मिस्त्रींना तिथेच रडू येईल असं वाटलं.

नवा पिस्टन घालून झाल्यावर गॅरेजमध्ये त्यांनी नळी काढली, स्क्रू खोचला, काट्याकडे डोळे लावून दाब बरोबर तीन बारवर आणला. स्क्रू काढून नळी बसवली, क्लिप आवळली. एकदा ओढून पाहिली.

"नळी बसवली ना रे मी?"

"आत्ताच तर बसवलीत."

मिस्त्रींनी हात धुतले, फडक्याला पुसले, पाना उचलला.

"नळी बसवली ना मी?"

"बसवलीत, मामा." भाचा पुन्हा हसला. मामा थट्टा करताहेत असं त्याला वाटलं.

मिस्त्री गाडीभोवती एक फेरी मारून आले. बॉनेटवर हात ठेवून थांबले.

"काय रे, ती नळी बसवली का मी?"

"मामा, तिसऱ्यांदा विचारताय."

"मी? याआधी कधी विचारलं?"

त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. भाचा त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर फळीवरच्या जळक्या पिस्टनवर गेली आणि तिथून हलेना. बऱ्याच वेळाने त्याने मामांच्या हातातला पाना हळूच काढून घेतला. मिस्त्रींनी तो घेऊ दिला.