कॅप्टन फर्स्ट क्लासने जातात

कॅप्टन कधी जहाजावर नव्हते, सैन्यात तर नव्हतेच नव्हते. मोठ्या हॉटेलांत वेटरांच्या मुख्याला कॅप्टन म्हणतात, आणि स्टेशनसमोरच्या एका जुन्या हॉटेलात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं त्या कामात घालवली होती. निवृत्त झाले, काळा कोट कपाटात गेला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. गल्लीत सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. बायकोसुद्धा रागावली की म्हणे, "कॅप्टनसाहेब, हे हॉटेल नाही. बसा आता जेवायला!" कारण घरातल्या सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय त्यांची पाठ खुर्चीला लागत नसे.

त्यांना दोन मुली. लहानपणी दोघींना ते बजावून सांगत, "काहीही व्हा, पण कुणापुढे ताट धरायचं नाही." आणि झालं काय, तर दोघीही विमानात हवाईसुंदरी! मोठी जुन्या, नावाजलेल्या कंपनीत. धाकटी तिच्याच तोडीला तोड म्हणून उभ्या राहिलेल्या नव्या कंपनीत. कॅप्टननी मनाची समजूत घातली होती. विमान म्हणजे काही हॉटेल नव्हे. तिथे युनिफॉर्म, फाडफाड इंग्रजी, सगळा वरच्या थरातला कारभार. जेवण द्यावं लागतं हे त्यांना ठाऊक होतं, नाही असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं.

दोघींच्या कंपन्या एकाच मार्गावर, एकमेकींचे प्रवासी पळवायला टपलेल्या. त्यामुळे घरी जेवताना रोजचं भांडण ठरलेलं.

"तुमच्या फर्स्ट क्लासला सूप कागदाच्या कपात देतात!" मोठी नाक मुरडायची.

"आणि तुमचं सूप येईपर्यंत विमान खाली उतरतं!" धाकटी कसली ऐकते.

एकदा फारच जुंपली तेव्हा मोठी म्हणाली, "बाबांनाच ठरवू दे. सेवा म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणाला कळतं?"

कॅप्टनच्या थोरल्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तिला भेटायला जायचंच होतं. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना रिकाम्या जागेवर मिळणारी तिकिटं दोघींनी काढली. जाताना मोठीच्या विमानातून, येताना धाकटीच्या. बहीण आखातात मुलाकडे राहायची, त्यामुळे प्रवास परदेशाचा, आणि दोन्ही वेळा फर्स्ट क्लास. बायकोने येणार नाही म्हणून सांगितलं. "मला जिन्यावरून खाली बघितलं तरी गरगरतं. तुम्ही जा, आणि पोरींना सारखे मार्क देऊन या, म्हणजे घरात शांतता राहील."

विमानात पाऊल टाकलं आणि कॅप्टन दारातच थबकले. खुर्ची कसली, पलंगच तो! बटण दाबलं की पाय वर, पाठ मागे. बसतात न बसतात तोच गरम टॉवेल आला, पाठोपाठ पायात घालायला मऊ सपाता. त्यांनी बूट काढावेत की नाही याचा बराच विचार केला आणि शेवटी मोज्याला भोक नसल्याची खात्री करून काढले.

विमान वर गेलं आणि मोठी कामाला लागली. कॅप्टनची नजर आता हॉटेलातली झाली. मांडीवर कडक इस्त्रीचा कापडी नॅपकिन. गाडा ढकलत आणायचा नाही, एकेक बशी हातातून. बशीच्या कडेला अंगठा लागू द्यायचा नाही, आणि पोरीने तो खरोखर लागू दिला नाही. सूप समोर, पांढऱ्या किटलीतून ओतलं. एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही. त्यांच्या हाताखाली इतके वेटर तयार झाले, पण असं ओतणारा एखादाच. छाती फुगली त्यांची. मनातल्या मनात त्यांनी भराभर मार्क देऊन टाकले.

मग ती पलीकडच्या रांगेतल्या प्रवाशाकडे वळली आणि गुडघ्यावर बसली.

कॅप्टनना आधी वाटलं, काहीतरी खाली पडलं असेल. पण नाही. काय हवं-नको विचारताना प्रवाशाला मान वर करावी लागू नये, म्हणून या कंपनीत गुडघे टेकून बोलायचा नियमच होता. करड्या सुटातला तो माणूस फोनमधून डोकं वर काढायला तयार नव्हता. मोठी गालिच्यावर गुडघे टेकून, मान वर करून, हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होती. त्याने तिच्याकडे न बघताच रिकामा कप तिच्या हातात दिला. नव्हे, हात होता तिथे सोडला. तिने तो झेलला.

पायाखालची जमीन सरकली म्हणावं, तर पायाखाली जमीन नव्हतीच. कॅप्टननी चमचा खाली ठेवला. स्वतः ते आयुष्यभर वाकले होते, पण गुडघे टेकायला त्यांच्या हॉटेलानेही कधी सांगितलं नव्हतं.

थोड्या वेळाने त्या माणसाला पाणी हवं झालं. मोठी पाठमोरी होती. त्याने हात वर केला आणि दोनदा चुटकी वाजवली.

आणि कॅप्टन उठून उभे राहिले.

मांडीवरचा नॅपकिन खाली पडला. डावा हात कोपरात दुमडून पोटाशी गेला, मान किंचित झुकली, आणि तोंडातून स्पष्ट, नम्र आवाजात शब्द आले, "येस, सर."

करड्या सुटातल्या माणसाने पहिल्यांदाच फोनवरून नजर उचलली. त्यांच्या पायातल्या सपाता बघितल्या, चेहरा बघितला, आणि हसला. "तुम्ही पण स्टाफपैकीच का?"

आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. कॅप्टनना खाली बसावं हेही सुचेना. मोठीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता, पण हसू तसंच होतं, चिकटवल्यासारखं. ती जवळ आली आणि आपल्या जन्मदात्या बापाला म्हणाली, "सर, आपण बसून घ्या, प्लीज."

पुढे मासा आला, भात आला, काहीतरी गोड आलं. कशाचीच चव कॅप्टनना कळली नाही.

उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याजवळ मोठी त्यांना गाठायला धावत आली. "बाबा, काय केलंत हे?"

"मी नाही गं केलं. माझ्या पायांनी केलं."

"आमच्या वरिष्ठ, पर्सरबाई, मला विचारत होत्या, हे गृहस्थ कोण म्हणून."

"मग? काय सांगितलंस?"

मोठीने बॅगचा पट्टा सारखा केला. "म्हटलं, आहेत कुणी प्रवासी."

कॅप्टन "बरं" म्हणाले. आणि पट्ट्यावरची आपली बॅग ओढून घेतली.

बहिणीकडे चार दिवस राहिले ते घुम्यासारखे. तिचा गुडघा राहिला बाजूला, तीच यांना विचारायला लागली, "अरे, भूत बघितल्यासारखा काय बसलायस? विमानात घाबरलास का?" ते तिच्या गुडघ्याखालची उशी नीट करत.

परतीच्या विमानात धाकटीचं सगळंच वेगळं. "हे माझे बाबा!" तिने आत शिरताच सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं जाहीर केलं. कॅप्टनना लाजल्यासारखं झालं. खुर्ची बरी होती, पलंग नव्हता. नॅपकिन कागदाचा. सूप, भाजी, ब्रेड, गोड सगळं एकाच ट्रेमध्ये दाटीवाटीने. आणि सूप खरंच कागदाच्या कपात होतं. शिवाय धाकटीचा अंगठा बशीत. कॅप्टन मार्क कापत गेले. पण गुडघे टेकायला कुणी लागत नव्हतं, हे त्यांनी पुन्हा पुन्हा मान वळवून बघून घेतलं.

त्यांच्या पुढच्या खुर्चीत एक जाडजूड गृहस्थ होते, पिण्यात जरा पुढे गेलेले. त्यांनी आणखी एक ग्लास मागितला. धाकटी म्हणाली, "आता नाही सर, पाणी आणते." त्यांनी तिचं मनगट धरलं.

कॅप्टनच्या हाताची मूठ वळली. आता काय होणार ते त्यांना पाठ होतं. आता ती हसेल, हळूच हात सोडवेल, सॉरी म्हणेल. मग वरिष्ठ येईल आणि तोही सॉरी म्हणेल. हॉटेलात हेच होत आलं होतं. आणि तो वरिष्ठ म्हणजे ते स्वतःच.

"हात सोडा," धाकटी म्हणाली.

आवाज चढला नव्हता, पण चमच्यांचे आवाज थांबले.

"अगं, मस्करी करतोय मी."

"मी नाही करत. सोडा."

त्याने सोडला. आतून वरिष्ठ पुरुष कर्मचारी आला. काय झालं, तू काय बोललीस, असलं काही त्याने धाकटीला विचारलंच नाही. त्याने त्या गृहस्थाला उठवलं आणि शेवटच्या रांगेत नेऊन बसवलं. "मी फर्स्ट क्लासचा प्रवासी आहे!" असा आरडाओरडा पडद्यापलीकडून बराच वेळ येत राहिला. विमान उतरलं तेव्हा दाराशी सुरक्षा कर्मचारी उभे होते.

आता कुणीतरी धाकटीला आत बोलावून झापेल म्हणून कॅप्टन दार उघडेपर्यंत जीव मुठीत धरून बसले होते. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "तुला आता काय होईल?"

"काय होणार? झालेलं वर कळवायचं, संपलं."

"आणि माफी?"

"कुणाची?" धाकटीने खरंच न कळून विचारलं.

घरी निकालाची वाट बघत सगळे बसले होते. दोघींना सुट्टी होती. कॅप्टन म्हणाले, "मोठीच्या विमानातली सेवा सरस. जेवण, मांडणी, हात... सगळंच. मी इतकं देखणं काम हॉटेलात बघितलं नाही."

मोठीने धाकटीकडे विजयी नजरेने पाहिलं.

"पण माझ्या मुलीने तिथे काम करू नये."

मोठी ताडकन उठली. "बाबा, मला आवडतं हे काम! माझी कीव करू नका." मग जरा थांबून म्हणाली, "शाळेत असताना मी एकदा किल्ली घ्यायला हॉटेलात आले होते. एका माणसाने मेनूकार्ड तुमच्या तोंडावर भिरकावलं होतं. तुम्ही उचललंत, पुसलंत, हसून परत त्याच्या हातात दिलंत. मी दाराआडून बघितलं. मला वाटलं, माझे बाबा किती मोठे आहेत! त्यांना काही लागतच नाही. तेव्हापासून मी तसंच व्हायचं ठरवलं."

ही पोर तिथे होती, तिने ते बघितलं होतं, हे इतकी वर्षं कॅप्टनच्या गावीही नव्हतं.

"लागत होतं गं," ते म्हणाले. "रोज लागत होतं."

मोठी खाली बसली. बायको हातात डाव घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती एवढंच म्हणाली, "मला कधी बोलला नाहीत."

"घरी आणायची गोष्ट होती का ती?"

मोठीने नोकरी सोडली नाही. सोडावी असं नंतर कॅप्टनही म्हणाले नाहीत. पुढच्याच फेरीत तिने पर्सरबाईंना आपणहून सांगितलं, ते गृहस्थ माझे वडील होते. बाईंनी म्हणे एवढंच विचारलं, "ते बरे आहेत ना?" गुडघ्यांचा नियम अजून आहे. मोठी आणि काही जणी मिळून तो काढायला लावायच्या खटपटीत आहेत. काढतील की नाही, कुणास ठाऊक. दोघींचं सुपावरचं भांडण तर चालूच आहे.

कॅप्टन मात्र आता बोलायला लागले आहेत. जेवताना एखादी हॉटेलातली गोष्ट निघते, कधीच न सांगितलेली. काही ऐकून पोरी पोट धरून हसतात. काही गोष्टी सांगता सांगता ते मध्येच थांबतात, पाणी पितात, आणि तिथेच सोडून देतात. मग कुणी घाई करत नाही. हात ताटातच वाळत येतात, आणि बायको हळूच म्हणते, "बरं, मग त्या माणसाचं पुढे काय झालं?"