मफलरभर हवा

चांगली हवा बाधलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते म्हणजे माझे सासरे. आमच्या भागात सासऱ्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणतो. निपाणीच्या हायस्कुलात त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. पुढं खोकला हटेना, तेव्हा डॉक्टरांनी गाव सोडायला सांगितलं आणि मी त्यांना बेंगळुरूला, बनशंकरीतल्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आलो. इथं खोकला पळाला, पण त्याच्याबरोबर मामांचं आणखीही काहीतरी गेलं. रोज सकाळी ते गॅलरीत उभे राहून छाती भरून श्वास घेतात आणि तक्रार करतात, "ह्या हवेला चवच नाही हो जावईबापू. उकळून गार केलेलं पाणी प्यायल्यागत वाटतंय."

शेजारच्या अक्कांचा मुलगा सर्जापूर रोडला राहतो. तो लिफ्टमध्ये भेटला की मामा त्याच्या शर्टाजवळ नाक नेऊन विचारतात, "तुमच्या मागं अजून एक टॉवर चढतोय न्हवं?" पण सिमेंटच्या असल्या धुळीला ते हवेत धरत नाहीत. हवा कशी गावाची स्वतःची असावी लागते! ती कशी होते, हे ते जेवायला आलेल्या प्रत्येकाला ताटात समजावून देतात. तेही पाहुण्याच्या ताटात. भाताचं आळं करतात, त्यात आमटी ओततात. "हा भात म्हणजे डोंगर, आमटी म्हणजे आमची निपाणी. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा येतो, सगळं धुऊन नेतो. दिवाळी झाली की गुऱ्हाळं पेटतात. थंड हवा जड, ती खाली आळ्यात बसते, वर उबदार हवेचं झाकण." इथं ते पाहुण्याचा पापड आळ्यावर ठेवतात. "आता धूर जाणार कुठं? आणि उन्हाळ्यात वखारींतनं तंबाखूचा खकाणा उडतो, सगळं गाव शिंकत असतंय. जो शिंकत नाही तो परगावचा!" माझ्या ऑफिसातल्या एका पुणेकरानं, आमटी गार होताना बघत, "आणि बेंगळुरू?" असं विचारलं. मामांनी वाटी उचलून ताटात पालथी घातली. "हे. उंचावरचं गाव. काय टिकतंय ह्याच्यावर?"

खोकला झाल्यापासून आमच्या घरी हिचा एक कडक नियम आहे. निपाणीहून आलेला कपडा दारातून थेट वॉशिंग मशीनमध्ये. त्यावर मामांनी तोड काढली. पोटच्या पोरीला कधी जवळ न घेतलेला हा माणूस गावाकडचं कोणीही आलं की दारातच कडकडून मिठी मारतो आणि कॉलरपाशी नाक खुपसून उभा राहतो. पाहुण्यांचे डोळे भरून येतात.

त्यांचं मागणं एकच. "एकदा थंडीत जाऊन येतो." मी म्हणतो, थंडी सरू द्या. थंडी सरली की खकाणा असतो. म्हणून त्यांना नेतो ते पावसाळ्यात, जेव्हा गावाला कसलाच वास नसतो. ते घराचं कुलूप काढतात, खिडकीत दोन दिवस बसतात आणि परत येतात. मी डॉक्टरांचं नाव पुढं करतो. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. थंडीत गेले तर ते परत यायचे नाहीत, ही भीती मी अजून हिच्याजवळसुद्धा बोललेलो नाही.

गेल्या थंडीत एका लग्नासाठी मी एकटाच निपाणीला गेलो. निघताना मामांनी आपला करडा मफलर माझ्या हातात दिला. "रात्रभर अंगणातल्या दोरीवर असू दे. आणि झटकू नका." सकाळी मी अंगणात आलो तर सगळं गाव धुराच्या दुलईत होतं. गुळाचा, ओल्या चिपाडांचा, शेकोटीचा वास. मीही तिथलाच. मफलर पिशवीत घालून पिशवीला गाठ मारली, तेव्हा मला खोकला येत होता आणि निघवत नव्हतं.

घरी पोचलो आणि आंघोळीला गेलो. बाहेर येऊन बघतो तर मशीनच्या गोल काचेमागं करडा मफलर गरगरत होता.

"काय झालं?" हिनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

मामा सकाळपासून गॅलरीत बसून होते. प्रवासाचा शीण आहे, सामान नंतर सोडतो, असं काहीबाही सांगून मी दिवस काढला. संध्याकाळी वाळलेला मफलर त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्यात तोंड खुपसलं. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "गुऱ्हाळं लागली बघा. धूर लई खाली बसलाय यंदा." आणि मफलर माझ्यापुढं धरला. "बघा की."

मी वास घेतला. साबणाच्या पावडरीचा, कुठल्या तरी फुलांचा वास.

"हो मामा," मी म्हणालो, "स्वल्प जास्तच आहे."

"सरी," असा कानडीतला होकार देत त्यांनी तो गळ्याभोवती गुंडाळला. मग आत स्वयंपाकघराकडं एकदा बघून हळूच म्हणाले, "पोरीला काय बोलू नका हं. माझ्या छातीसाठीच करती ती."

गॅलरीत वारा सुटला होता. गार, स्वच्छ, कुठल्याच गावचा नसलेला. मामांनी मफलर नाकावर ओढून घेतला.