माय आली तेव्हा गाडी सुटी झाली होती

मंडळी, आज जीव लागत नाहीये कशात.

रनाळ्यात दर रविवारी मी मुलांना रोबोट बनवायला शिकवतो. सुटे भाग जोडून गाडी करायचा संच एकच. एकाची गाडी चालली, की ती सुटी करून दुसऱ्याला द्यायची.

आज नववीतल्या ज्योतीने प्रोग्राम लिहिला आणि गाडी भिंतीआधी आपोआप थांबली.

"सर, माय यी ऱ्हायनी, थांबा ना जरा!"

"बाकीचे खोळंबलेत, बेटा."

तिने शेवटचं चाक काढलं, आणि मिरच्या वाळवायच्या पथारीवरच्या कामातून सुट्टी मागून माय दारात हजर.

"दखाड ना तुन्ही गाडी."

"चालनी व्हती माय, खरंच."

"चालनी व्हई ना," माय म्हणाली, रडक्या पोराची समजूत काढावी तशी. गाडी खरंच चालली, असं मीही सांगितलं. ती नुसती हसली.

"पुढच्या रविवारी पुन्हा जोडू," मी म्हणालो.

"नको सर. बाकीच्यांना द्या," ज्योती म्हणाली.

मंडळी, यावर मी काय बोलायला हवं होतं?