मामांची एकच चुकलेली मोटार

माझ्या बायकोच्या मामांना जगात फक्त जर्मन मोटारी दिसत. माणसं त्या मोटारींच्या आड येत, एवढीच त्यांची तक्रार. नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ स्वतः जन्मभर सायकलवर फिरले. पण कुणाकडे जुना अल्बम निघाला, की यांच्या खिशातून भिंग निघालंच. लग्नाच्या फोटोत नवरानवरीच्या मागे बोटभर मडगार्ड दिसलं तरी पुरे. "मर्सिडीज एकशे ऐंशी," म्हणून मामा मोकळे होत, आणि नवरी कोण हे विचारायचं राहूनच जाई. एकदा शेजारचे गृहस्थ वारले. त्यांच्या हार घातलेल्या तसबिरीपुढे मामा हात जोडून इतका वेळ उभे राहिले, की घरच्यांना गहिवरून आलं. मग मामा हळूच म्हणाले, "वहिनी, हार जरासा सरकवता का? मागची ओपेल दिसून नाही राहिली."

त्यांच्या खुणा सगळ्या घरगुती. समोरच्या जाळीत शंकरपाळा असला तर बोर्गवार्ड, चार बांगड्या असल्या तर डीकेडब्ल्यू. गाडीचं नाव झालं, की मागोमाग मालकाचंही येई, कारण दुसऱ्या महायुद्धानंतर नागपुरात आलेली एकूण एक जर्मन गाडी त्यांनी सायकलवरून पाठलाग करून पाहिलेली. "गाडीले घर असते गा," ते म्हणत. "घर नाही सांगितलं तर ओळख अर्धीच."

मला आजही लाज वाटते ती माझ्या दिवाळसणाची. लग्न ठरताना मी सासरी ठोकून दिलं होतं, की आमच्या वडिलांची परदेशी मोटार होती. वडील खरं तर धरमपेठेतल्या एका शेठजींचे ड्रायव्हर. आईवडील दोघंही हयात नव्हते, त्यामुळे मला खोटं पाडणारं कोणी उरलं नव्हतं. बायकोलाही खरं ठाऊक नव्हतं. दिवाळसणाला पुरावा म्हणून मी एक फोटो नेला. त्यात वडील साध्या कपड्यांत गाडीला टेकून उभे होते. तो मी मुद्दाम निवडला होता, कारण बाकी सगळ्या फोटोंत त्यांच्या डोक्यावर ड्रायव्हरची टोपी होती.

फराळ चालू असताना सासऱ्यांनी फोटो मामांच्या हातात दिला. मामांनी भिंग लावलं. बराच वेळ ते गाडी सोडून वडिलांच्या चेहऱ्याकडेच पाहत राहिले. मग म्हणाले, "ओपेल होय. मालकाचं काही ध्यानात नाही."

मी कसला गप्प बसतोय! "मामा, जाळीत शंकरपाळा आहे की! बोर्गवार्ड आहे ही!"

सगळं घर हसलं. मेहुण्यानं तर ताटातला शंकरपाळा उचलून मामांच्या नाकापुढे नाचवला. "काहून मामा, हे काय होय मंग?"

मामांनी भिंग खिशात ठेवलं. "चुकलो गा. चष्म्याचा नंबर वाढला असंन."

संध्याकाळी दारात मी त्यांना एकटा सापडलो. आवाज खाली आणून ते म्हणाले, "जावईबापू, नागपुरात बोर्गवार्ड एकच होती. मी त्या शेठच्या फाटकापाशी रोज उभा राहत होतो. बाकीचे मले हाकलत. तुमच्या वडिलांनी आत बोलावलं, बॉनेट उघडून सारं इंजिन दाखवलं. लय भला माणूस." मग त्यांनी विचारलं, "त्यायले काहून लपवून राहिले तुम्ही?"

आत जाऊन खरं सांगायला दहा पावलं पुरली असती. मी चपला घातल्या.

त्यानंतर मामांनी भिंग काढलं, की घरात कोणीतरी म्हणायचंच, "आधी जावयांना विचारा!" मामाही सगळ्यांबरोबर हसत. त्यांनी माझं बिंग कधी फोडलं नाही, आणि मला मान खाली घालायला लागेल असा एक शब्दही पुन्हा काढला नाही. ते गेले त्या दिवशी, रडून दमलेल्या माणसांत कोणीतरी तोच किस्सा काढला, आणि सगळ्यांना जरा हलकं वाटलं. मी हसलो नाही, असं इथे लिहावंसं फार वाटतं. पण मीही हसलो.